एका संगणकावर दोन प्रणाली

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, असे म्हणतात. संगणकाच्या बाबतीत ही म्हण अर्धीच खरी आहे. म्यान एकच असले आणि त्यात एका वेळी एकच तलवार मावत असली, तरी दुसरी बाहेर खुंटीवर टांगून ठेवता येते आणि गरजेनुसार अदलाबदल करता येते. ही सोय जुनीच आहे. परंतु १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज १०’ या प्रणालीचा नियमित पाठिंबा थांबवला आणि आजवर केवळ जाणकारांच्या चर्चेत असलेला हा विषय सामान्य ग्राहकाच्या दुकानातील टेबलापर्यंत येऊन पोहोचला.

इंदूरच्या बाजार समितीत कांदा-लसणाची अडत चालवणारा एखादा व्यापारी डोळ्यांसमोर आणावा. त्याच्या गाळ्यात २०१३ साली घेतलेला टेबलावरचा संगणक आहे. शेतकऱ्याच्या मालाची पट्टी करणे, तोलाई-हमाली वजा करणे, शेतकऱ्यांनी घेतलेल्या उचलीचे खाते सांभाळणे, ही सर्व कामे एका जुन्या सॉफ्टवेअरवर होतात. ते कोणे एके काळी ओळखीच्या प्रोग्रामरने डॉसच्या जमान्यातील फॉक्सप्रोमध्ये लिहून दिले होते. तो प्रोग्रामर आता तो व्यवसाय करत नाही. सॉफ्टवेअर मात्र बिनतक्रार चालते आहे. ठोक्यांचा कर्कश आवाज करणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर तीन प्रतींत पट्ट्या छापतो आहे. याच संगणकावरून हा व्यापारी नेट बँकिंगही करतो, शेतकऱ्यांच्या खात्यांत रकमा वळत्या करतो. अडचण इथेच सुरू होते.

‘विंडोज ११’ या संगणकावर रीतसर चढत नाही. त्यासाठी टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप आणि अलीकडच्या पिढीतील प्रोसेसर लागतो. समजा, व्यापाऱ्याने नवा संगणक घेतला, तरी प्रश्न सुटत नाही. विंडोज ११ केवळ ६४-बिट स्वरूपातच मिळते आणि ६४-बिट विंडोजमध्ये डॉसचे जुने प्रोग्राम थेट चालत नाहीत. विंडोज १० ची ३२-बिट आवृत्ती हा त्या प्रोग्रामांचा विंडोजमधील अखेरचा मुक्काम होता. म्हणजे जुनी प्रणाली ठेवावी तर बँकेचे व्यवहार असुरक्षित, आणि नवी घ्यावी तर शेतकऱ्यांची खाती बंद पेटीत! मायक्रोसॉफ्टने वैयक्तिक ग्राहकांसाठी वर्षभराची वाढीव सुरक्षा-सोय जाहीर केली खरी. तथापि ती मुदतवाढ आहे, तोडगा नव्हे.

पाठिंबा संपणे म्हणजे नेमके काय, याविषयी बराच गैरसमज आढळतो. त्या दिवशी संगणक बंद पडत नाही. तो पूर्वीसारखाच चालतो, आणि म्हणूनच धोका जाणवत नाही. प्रणालीत पुढे सापडणाऱ्या छिद्रांना ठिगळ लावणारा कारागीर तेवढा निघून गेलेला असतो. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर विषाणूने जगभर थैमान घातले, तेव्हा ज्या छिद्रातून तो शिरला त्याचे ठिगळ मार्च २०१७ मध्येच उपलब्ध झालेले होते. ज्यांनी ते लावले नव्हते आणि ज्यांच्या प्रणालीला ते मिळणारच नव्हते, असे दोघेही सापडले. २०१४ साली पाठिंबा संपलेल्या ‘विंडोज एक्सपी’साठी मायक्रोसॉफ्टला नियम मोडून नंतर ठिगळ द्यावे लागले.

अशा पेचात बाह्य ड्राइव्हचा मार्ग उपयोगी पडतो. जुनी प्रणाली आहे तिथेच, आतल्या हार्ड डिस्कवर, तिच्या केसालाही धक्का न लावता ठेवायची आणि इंटरनेटपासून तोडून टाकायची. पाठिंबा चालू असलेली दुसरी प्रणाली यूएसबीने जोडल्या जाणाऱ्या छोट्या ड्राइव्हवर बसवायची आणि बँकेचे, ई-मेलचे, सरकारी संकेतस्थळांचे सर्व व्यवहार तिच्यातूनच करायचे.

हे शक्य कसे होते, ते समजून घेण्यासाठी बँकेच्या शाखेचे दार आठवावे. सकाळी दार उघडणाऱ्या पहारेकऱ्याच्या हातात एक यादी असते: पहिल्या नावाची व्यक्ती आली असेल तर किल्ली तिच्या हाती द्यायची, नसेल तर दुसऱ्या नावाकडे वळायचे. संगणकाच्या मुख्य पट्टीवरील चिपमध्ये असाच एक पहारेकरी बसलेला असतो. जुन्या संगणकांत त्याला ‘बायोस’ म्हणत. नव्यांत ‘यूईएफआय’ म्हणतात. वीज सुरू होताच तो आपल्या यादीतील साधने क्रमाने तपासतो आणि ज्या साधनावर चालू होण्याजोगी प्रणाली प्रथम सापडेल, तिच्या हाती संगणकाचा कारभार सोपवतो. यादीत यूएसबीचे नाव वर असेल आणि ड्राइव्ह जोडलेला असेल, तर बाहेरची प्रणाली सुरू होते. ड्राइव्ह काढून ठेवला असेल, तर आतली. यादी कायमची बदलायची नसेल, तर संगणक सुरू होताना एक विशिष्ट कळ दाबून त्या वेळेपुरती निवड करता येते. डेल, लेनोव्हो व एसर यांच्या बहुतेक संगणकांवर ती ‘एफ१२’ असते, एचपीच्या संगणकांवर ‘एफ९’. दोन्ही प्रणाली एकाच वेळी चालत नाहीत. एकीतून बाहेर पडूनच दुसरीत जावे लागते. काहींना हा त्रास वाटतो. प्रत्यक्षात या उपायाचे बळ त्यातच आहे, कारण बाहेरची प्रणाली चालू असताना आतली झोपलेली असते आणि तिच्यातील जुना किडा काही करू शकत नाही.

दुसरी प्रणाली कोणती निवडावी? अशा जुन्या संगणकासाठी लिनक्स कुटुंबातील प्रणाली हे सर्वांत सोयीचे उत्तर ठरते. ‘उबुंटू’ आणि ‘लिनक्स मिंट’ या विनामूल्य मिळतात. उबुंटूची दर दोन वर्षांनी, सम वर्षाच्या एप्रिलमध्ये येणारी दीर्घकालीन आवृत्ती पाच वर्षे सुरक्षा-सुधारणा मिळवत राहते. सी-डॅक या आपल्या शासकीय संस्थेने विकसित केलेली ‘बॉस’ ही प्रणालीही याच कुटुंबातील आहे. फायरफॉक्स वा क्रोममधून नेट बँकिंगचे पान जसे विंडोजवर दिसते, तसेच इथेही दिसते. मराठी टंकलेखनासाठी इनस्क्रिप्ट कळफलक आयता मिळतो. मात्र ज्यांना डिजिटल स्वाक्षरीचे टोकन वापरावे लागते, त्यांनी आपल्या टोकनासाठी लिनक्सवर चालणारे सॉफ्टवेअर मिळते की नाही, हे आधी विचारून घ्यावे; पुष्कळांचे घोडे तिथेच अडते.

खरेदीत एक चूक नेहमी होते. हाताशी असलेल्या पेन ड्राइव्हवर प्रणाली बसवली जाते, ती गोगलगाईसारखी चालते आणि दोष प्रणालीला दिला जातो. पेन ड्राइव्ह फाइली नेण्या-आणण्यासाठी बनवलेला असतो. कार्यप्रणाली मात्र क्षणोक्षणी शेकडो बारीकसारीक नोंदी लिहीत-वाचत असते आणि ते काम त्याला झेपत नाही. त्याऐवजी २५० जीबीच्या आसपासचा बाह्य एसएसडी घ्यावा. तो जोडताना संगणकाचे यूएसबी ३.० चे तोंड शोधावे; बहुधा त्याच्या आतील पट्टी निळ्या रंगाची असते. यूएसबी २.० ची कमाल मर्यादा सेकंदाला ४८० मेगाबिट आहे, तर ३.० ची ५ गिगाबिट, म्हणजे दहा पटींहून अधिक. हा फरक संगणक सुरू होतानाच जाणवतो.

बसवताना घ्यायची काळजी

बसवण्यापूर्वी प्रणाली नुसती चालवून पाहता येते. संकेतस्थळावरून उतरवून घेतलेली प्रत पेन ड्राइव्हवर चढवावी, तीवरून संगणक सुरू करावा आणि ‘ट्राय’ हा पर्याय निवडावा. इतक्यापुरता पेन ड्राइव्ह पुरतो. वाय-फाय मिळते का, प्रिंटर ओळखला जातो का, पडद्यावरील अक्षरे नीट दिसतात का, हे पाहून मगच पुढे जावे. या चाचणीत आतल्या डिस्कवर काहीही लिहिले जात नाही.

खरा धोका यापुढच्या पायरीवर आहे. एसएसडीवर प्रणाली बसवताना ‘कुठे बसवायची’ असा प्रश्न विचारला जातो आणि पडद्यावर दोन डिस्कांची नावे सांकेतिक अक्षरांत दिसतात. घाईत चुकीची निवड झाली, तर दहा वर्षांची खाती मिनिटभरात पुसली जातात. दुसरी गोष्ट याहून फसवी आहे. निवड अचूक केली, तरी काही वेळा संगणक सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम आतल्याच डिस्कवर जाऊन बसतो. मग बाहेरचा ड्राइव्ह काढला की काळ्या पडद्यावर एखादी अगम्य ओळ तेवढी दिसते, आणि जुनी प्रणाली शाबूत असूनही उठत नाही. या दोन्ही संकटांवर एकच उपाय आहे आणि तो अगदी साधा आहे. बसवण्याचे काम चालू असेपर्यंत आतल्या हार्ड डिस्कची केबल काढून ठेवावी. संगणक बंद करून, वीज तोडून, ओळखीच्या तंत्रज्ञाकडून पाच मिनिटांत हे होते. जी डिस्क जोडलेलीच नाही, तिच्यावर चुकूनही काही लिहिले जात नाही. आणि अर्थातच, त्याआधी खात्यांच्या फाइलींची एक प्रत वेगळ्या ड्राइव्हवर काढून ती उघडते आहे, याची खात्री करून घ्यावी. प्रत काढली जाते. ती उघडून कोणी पाहत नाही, हा सार्वत्रिक अनुभव आहे.

अलीकडच्या लॅपटॉपांबाबत आणखी एक खबरदारी आवश्यक आहे. त्यांपैकी अनेकांमध्ये आतील डिस्क ‘बिटलॉकर’ने वा तत्सम सोयीने कुलूपबंद केलेली असते आणि वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. पहारेकऱ्याच्या यादीत वा सुरक्षेच्या मांडणीत फेरफार झाला की बिटलॉकरला संशय येतो आणि पुढच्या वेळी तो ४८ अंकी पुनःप्राप्ती-किल्ली मागतो. ती नसेल, तर डिस्कवरील सर्व काही गमावले, असेच समजावे. ग्राहकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ती बहुधा साठवलेली असते. फेरफारानंतर शोधाशोध करण्यापेक्षा आधीच ती कागदावर उतरवून लॉकरमध्ये ठेवलेली बरी.

घड्याळाचा घोटाळा

दोन प्रणाली गुण्यागोविंदाने नांदू लागल्यावर आठवड्याभरात एक चमत्कार दिसतो. बाहेरची प्रणाली वापरून झाल्यावर आतली विंडोज सुरू केली की घड्याळ साडेपाच तास मागे गेलेले असते. संगणकाच्या मुख्य पट्टीवर बटण-सेलवर चालणारे एक घड्याळ असते. विंडोज त्यातील वेळ स्थानिक, म्हणजे भारतीय प्रमाणवेळ मानते. लिनक्स तीच वेळ जागतिक प्रमाणवेळ मानते आणि तशीच लिहून ठेवते. दोन्हींतील अंतर साडेपाच तासांचे. जिथे विंडोज इंटरनेटला जोडलेली असते, तिथे ती आपली चूक थोड्या वेळाने स्वतःच सुधारून घेते. इथे तर ती मुद्दाम तोडलेली आहे, तेव्हा चूक तशीच राहते.

हिशेबाच्या दृष्टीने ही बाब किरकोळ नाही. बाजार समितीत काम पहाटेच सुरू होते. १ एप्रिलच्या पहाटे चार वाजता केलेली पट्टी ३१ मार्चच्या रात्री साडेदहाची म्हणून नोंदली जाईल आणि नव्या आर्थिक वर्षाचा पहिला माल जुन्या वर्षाच्या खात्यात जमा होईल. सनदी लेखापालांना तो शोधून काढायला किती वेळ लागेल, हे सांगता येत नाही. उपाय मात्र एका आज्ञेचा आहे: लिनक्सला ‘पट्टीवरील घड्याळ स्थानिक वेळेचे आहे’ असे एकदा सांगून ठेवायचे. बसवून देणाऱ्या तंत्रज्ञाकडून हे त्याच दिवशी करून घ्यावे आणि दोन्ही प्रणालींत वेळ ताडून पाहावी.

फाइलींच्या देवाणघेवाणीतही अशीच एक खोच आहे. विंडोज ८ पासून ‘जलद प्रारंभ’ नावाची सोय आली. तिच्यामुळे ‘शट डाउन’ केलेली विंडोज पूर्ण बंद होत नाही. अर्धवट झोपी जाते आणि आपल्या डिस्कची स्थिती गृहीत धरून उठते. मधल्या काळात दुसऱ्या प्रणालीने त्या डिस्कवर काही लिहिले, तर दोहोंच्या नोंदी जुळत नाहीत आणि फाइली खराब होऊ शकतात. दोन रोखपालांनी एकाच रोख पुस्तकात, एकमेकांना न सांगता नोंदी कराव्यात, तसाच हा प्रकार. ही सोय बंद करून टाकावी. त्याउपरही बाहेरच्या प्रणालीने आतल्या डिस्कवर काही लिहू नये, हेच चांगले. बँकेत द्यायची यादी वा विवरणपत्रासाठीचे आकडे नेण्यासाठी एक वेगळा पेन ड्राइव्ह राखून ठेवावा.

दोन्ही प्रणाली विंडोजच्याच हव्या असतील, तर मार्ग जरा खडतर आहे. विंडोजचा नेहमीचा बसवणारा प्रोग्राम यूएसबीवरील डिस्क नाकारतो. मायक्रोसॉफ्टने विंडोज ८ च्या वेळी मोठ्या संस्थांसाठी ‘विंडोज टू गो’ ही सोय आणली होती; २०२० साली ती काढून टाकली. आता ‘रूफस’ या विनामूल्य साधनाच्या साहाय्याने तसे करता येते. परंतु दोन प्रतींना दोन परवाने, हा हिशेब विसरता येत नाही. विंडोज ७ बाहेरून चालवण्याचा हट्ट तर नव्या यंत्रावर सोडूनच द्यावा, यूएसबी ३.० ची ओळखच तिला जन्मतः नाही. तिच्यासाठी ‘व्हर्च्युअलबॉक्स’सारख्या साधनाने संगणकातच दुसरा काल्पनिक संगणक उभारणे अधिक सोपे.

ॲपलच्या मॅक संगणकांवर मात्र एकाच प्रणालीच्या दोन आवृत्त्या अशा रीतीने ठेवणे सोपे आहे आणि रूढही. २०१८ ची ‘मोहावी’ ही ३२-बिट सॉफ्टवेअर चालवणारी शेवटची आवृत्ती. २०१९ च्या ‘कॅटालिना’ने ती बंद केली. तेव्हा जुनी सॉफ्टवेअरे सांभाळण्यासाठी अनेकांनी मोहावी बाहेरच्या ड्राइव्हवर ठेवली. इंटेल प्रोसेसरच्या मॅकवर सुरुवातीला ‘ऑप्शन’ कळ दाबून ठेवली की दोन्ही डिस्का समोर येतात. टी२ ही सुरक्षा-चिप असलेल्या मॅकवर बाहेरून सुरू होण्याची परवानगी आधी द्यावी लागते. २०२० च्या अखेरीपासून आलेल्या एम१ व त्यापुढील मॅकवर मोहावी मुळीच चालत नाही.

बँकेच्या संगणकांवर हे नको

हा लेख वाचून एखाद्या उत्साही कर्मचाऱ्याला कार्यालयातील संगणकावर प्रयोग करावासा वाटेल. तसे करू नये. ज्या सोयीने व्यापारी आपली खाती वाचवतो, त्याच सोयीने चोर दुसऱ्याची खाती वाचतो. विंडोजचा पासवर्ड हा विंडोज चालू असतानाचाच पासवर्ड असतो. बाहेरून दुसरी प्रणाली चालवली की कुलूपबंद नसलेली डिस्क कोणालाही उघड्या वहीसारखी वाचता येते. रिझर्व्ह बँकेने २१ जून २०१८ च्या परिपत्रकाने एटीएम यंत्रांबाबत बँकांना जे आदेश दिले, त्यांत बायोसला पासवर्ड लावणे आणि यूएसबीची तोंडे बंद करणे या गोष्टी पहिल्याच टप्प्यात, ऑगस्ट २०१८ पर्यंत करायच्या होत्या, त्या यासाठीच. पाठिंबा संपलेल्या प्रणाली बदलण्याचे काम त्याच परिपत्रकाने जून २०१९ पर्यंत टप्प्याटप्प्याने पूर्ण करायला सांगितले होते. आधी दाराची कडी, मग घराची डागडुजी, असा तो क्रम होता.

व्यापाऱ्यानेही हाच क्रम पाळावा. बायोसला पासवर्ड लावावा. बाहेरचा एसएसडी बसवतानाच कुलूपबंद करण्याचा पर्याय निवडावा, कारण तो खिशात मावतो आणि खिशातूनच हरवतो. आतल्या विंडोजची नेटवर्कची केबल नुसती काढून ठेवणे पुरेसे नाही. घाईत कोणी तरी ती जोडतो. प्रणालीतूनच नेटवर्क बंद करून टाकावे. आणि गाळ्यातील मुनिमाला कोणत्या कामासाठी कोणती प्रणाली, हे नीट समजावून सांगावे. एसएसडीवर ‘बँक’ आणि संगणकाच्या पेटीवर ‘खाते’ अशा दोन चिठ्ठ्या चिकटवल्या, तरी पुष्कळ काम होते.

एक शेवटची बाब साठवणुकीची. एसएसडीमध्ये माहिती विद्युत्-भाराच्या रूपाने साठवलेली असते आणि तो दीर्घकाळ विजेविना पडून राहिला, तर हळूहळू ती क्षीण होत जाते. रोज वापरात असलेल्या ड्राइव्हला ही भीती नाही. परंतु जुन्या खात्यांची प्रत म्हणून कपाटात ठेवायचा ड्राइव्ह शक्यतो फिरत्या चकतीचा, म्हणजे साधा हार्ड डिस्कचा घ्यावा आणि तोही वर्षातून एक-दोनदा जोडून, फाइली उघडून पाहाव्यात. लक्ष्मीपूजनाला बहुतेक पेढ्यांवर वहीशेजारी संगणकालाही हळदकुंकू लागतेच. कपाटातला तो ड्राइव्ह त्या दिवशी बाहेर काढायला हरकत नाही.